घरात पहिलीतली मुलगी, दीर रॉटवायलरचं पिल्लू आणायचं म्हणतात. आणू द्यावं का?

मंगळवारपेठकरीण

नमस्कार. जरा लांबलचक होईल, पण घरची परिस्थिती सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही.

आमचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, बोळातलं, जुनं. खाली सोपा आणि स्वयंपाकघर, मागं इवलंसं परडं, वर दोन खोल्या. माणसं पाच: मी, मिस्टर (शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीला, पाळी बदलती), सासूबाई (गुडघे गेलेत, काठी घेऊन चालतात), पहिलीतली लेक आणि धाकटे दीर. संध्याकाळी सोप्यात माझी शिकवणी असते. बोळातली दहा-बारा पोरं येतात, त्यांना सोडायला-न्यायला आया येतात. तेवढा वेळ दार सताड उघडं.

भाऊजींच्या मित्राचं कागलजवळ फार्महाऊस आहे. तिथं रॉटवायलरची पिल्लं झालीत आणि त्यातलं एक भाऊजींनी बोलून ठेवलंय. रोज जेवताना मला मोबाइलवर परदेशातली रॉटवायलर बाळांचे पाळणे हलवताना दाखवतात. म्हणणं एकच, "वहिनी, जात वाईट नसते, कुत्रं मालकावर जातं." सासूबाईंचं म्हणणं, वाघ घरात बांधायचा असेल तर मला आधी लेकीकडं इचलकरंजीला पोचवा.

मी कुत्र्यांना भिणारी नाही. माहेर गडहिंग्लजचं, दारात कायम दोन-तीन गावठी असायची. पण २०२२ साली लखनौत पिटबुलनं घरातल्याच म्हाताऱ्या बाईंचा जीव घेतला, ती बातमी डोक्यातून जात नाही. शिवाय सरकारनं या जातींवर बंदी घातली असंही ऐकलंय.

ही कुत्री खरंच घरच्यांवर उलटतात का? कायद्यानं पाळता येतात का? आणि भाऊजींना नाही म्हणायचं तर कोणत्या तोंडानं? कृपा करून कुत्राप्रेमी विरुद्ध कुत्राद्वेष्टे असं भांडण लावू नका, ते आमच्या घरात रोज चालूच आहे.

फुलेवाडीचा पैलवान

वहिनी, खुशाल आणा की! आमच्यात रॉटवायलर हाय, नाव भीम. थोरल्या भावाची दोन पोरं त्याच्या अंगावर लोळत्यात, कान ओढत्यात, गडी हू का चू करत न्हाई. दिवाळीत सुतळी बॉम्ब वाजला की हा भीम आईच्या कॉटखाली. तिथनं भाकरी दाखवून भायेर काढायला लागतंय. लोकं उगंच बदनाम करत्यात. परक्या माणसाला मात्र फाटकाच्या आत पाय टाकू देत न्हाई. नाद खुळा कुत्रं!

पाचगावची केनेलवाली

मी पाचगावला कुत्र्यांचं बोर्डिंग चालवते. लोक तिरुपतीला, गोव्याला, लग्नकार्याला गेले की त्यांची कुत्री माझ्याकडं असतात. त्यामुळं माझ्यासमोर कुत्री येतात ती मालकाशिवाय, अनोळखी जागी, वैतागलेली. स्वभाव कळायला याहून चांगली वेळ नाही.

माझ्या हातांवर दातांच्या खुणा आहेत. त्या पॉमेरेनियनच्या (पॉमच्या), पगच्या आणि एका फार देखण्या कॉकर स्पॅनियलच्या. रॉटवायलरची एकही नाही. यावरून रॉटवायलर गरीब असतो असा निष्कर्ष काढू नका. पॉम माझ्याकडं ढिगानं येतात आणि त्यांच्याशी मी बेफिकीर वागते. रॉटवायलरच्या खोलीत शिरताना मात्र मी पूर्ण शुद्धीवर असते.

तुमच्या दिरांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला होता. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले, दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचा डीएनए तपासला. कुत्र्याकुत्र्यांत वागण्याचा जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता येतो, असं त्यातून निघालं. म्हणजे लॅब्राडोर आहे म्हणून डोळे झाकून विश्वास टाकणं आणि रॉटवायलर आहे म्हणून राक्षस ठरवणं, दोन्ही तेवढंच पोकळ.

पण दिरांना पुढचंही सांगा. स्वभावाचं जातीवरून सांगता आलं नाही तरी वजनाचं सांगता येतं. रॉटवायलरचा नर पन्नास किलोच्या पुढं सहज जातो. पॉम चिडला तर साबण, पाणी आणि इंजेक्शनं. रॉटवायलर चिडला तर ऑपरेशन थिएटर. दोघं सारखेच क्वचित चिडत असले तरी हा फरक राहतोच. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं. तसलं एक पोतं गळ्यात पट्टा घालून मांजरामागं धावत सुटलंय, असं समजा आणि घरातल्या एकेका माणसाच्या हातात तो पट्टा देऊन बघा. मिस्टर पाळीवर. दीर तरणे आहेत, पण उद्या पुण्याला नोकरी लागली की गेले. उरता तुम्ही, सासूबाई आणि पहिलीतली पोरगी.

पैलवानदादांचा भीम चांगलाच असणार, शंका नाही. पण दादा, तुमच्याकडं कंपाउंड आहे, फाटक आहे आणि ते कुत्रं धरायला तालमीतली माणसं आहेत. वहिनींकडं उघडा सोपा आहे. आणि तुमचंच शेवटचं वाक्य पुन्हा वाचा: परक्याला आत पाय टाकू देत नाही. वहिनींच्या घरात रोज संध्याकाळी दहा-बारा परकी पोरं आत पाय टाकतात. हे कुत्रं मुळात जर्मनीत गुरं हाकायला आणि राखणीला तयार केलेलं. पहिलं वर्षभर बोळातली पोरं त्याला मांडीवर घेऊन फोटो काढतील. राखणीची वृत्ती अंगात भरते दीड-दोन वर्षांचं झाल्यावर. मग तेच कुत्रं उंबऱ्यावर उभं राहून कुणाला आत घ्यायचं ते स्वतः ठरवायला लागतं. नेमकं त्याच सुमाराला मला फोन येतात, "मॅडम, अचानक काय झालं कळत नाही."

अचानक काही होत नसतं. कुत्रं आधी तोंड फिरवतं, ओठ चाटतं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दाखवतं, मग अंग ताठ करून जागच्या जागी थिजतं. त्यानंतर गुरगुर, त्यानंतर दात. घरातली माणसं पहिल्या चार गोष्टी बघतच नाहीत आणि पाचवीला चप्पल हाणतात. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरायचं सोडतं, चावायचं सोडत नाही. मग लोक म्हणतात उलटलं. लहान मुलांना चावणारी कुत्री बहुतेक वेळा ओळखीचीच असतात, घरातली नाहीतर शेजारची. पोर जेवणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याजवळ जातं, मिठी मारतं. उंचीमुळं जखम होते ती तोंडावर, मानेवर. म्हणून कान ओढणारी पोरं आणि गप्प बसलेला भीम हे दृश्य मला गोड वाटत नाही. दादा, पोरांना थांबवा. भीम गप्प बसतोय हा त्याचा मोठेपणा आहे, पण तो रोज वापरून बघू नये.

सासूबाईंचंही कुणीतरी ऐका. त्यांच्यासाठी दातांपेक्षा धडक जास्त धोक्याची. वर्षाचा रॉटवायलर लाडात येऊन अंगावर आला तर काठीवर चालणारं माणूस पडणारच, आणि त्या वयात खुब्याचं हाड मोडलं तर पुढचं सांगायला नको. कुत्र्याच्या मनात वाईट काही नसताना हे होतं.

माझं मत: तुमच्या घरात, आत्ता, रॉटवायलर नको. हेच कुटुंब आर. के. नगरच्या बंगल्यात असतं, मुलगी चौदा-पंधराची असती आणि एक माणूस पूर्णवेळ घरी असता, तर मी वेगळं बोलले असते.

बोळातला बाप

केनेलवाल्या ताईंचं बरंचसं पटलं, पण त्या ९ टक्क्यांवर लोक फार उड्या मारतात. अमेरिकेत १९७९ ते १९९८ या वीस वर्षांत कुत्र्यांच्या हल्ल्यात गेलेल्या माणसांपैकी २३८ जणांच्या बाबतीत कुत्र्याची जात कळली होती. त्यातल्या निम्म्याहून जास्त मृत्यूंमध्ये पिटबुल किंवा रॉटवायलर होते. हे आकडे कुणा द्वेष्ट्यानं काढलेले नाहीत, पशुवैद्यकांच्या नियतकालिकात आलेत.

माझ्या पोराच्या गालावर टाके आहेत. शेजारचं कुत्रं, अल्सेशियन. दार लोटलेलं होतं, कडी नव्हती. मालक आजही भेटला की म्हणतो, "आमचा तसा नाही हो." तसा नसेलही. माझ्या पोराला त्याचा काय उपयोग? तुम्ही कुत्रं आणता तेव्हा धोका तुम्ही पत्करता, ठीक आहे. बोळातल्या बाकीच्या पोरांना कुणी विचारलं? शिकवणीला पोर पाठवणाऱ्या एकेका आईला विचारा, दारात रॉटवायलर बांधला तर पाठवाल का. उत्तर तिथंच मिळेल.

पाचगावची केनेलवाली

दादा, टाक्यांचं वाचून वाईट वाटलं.

तो आकडा मला माहीत आहे. ज्यांनी तो काढला त्यांनीच बजावलंय की कोणत्या जातीची एकूण कुत्री किती होती हे ठाऊक नसल्यामुळं यावरून एकेका जातीचा धोका मोजता येत नाही. त्या २३८ मध्ये पंचवीस वेगवेगळ्या जाती निघाल्या होत्या. नेदरलँड्सनं पिटबुलवर १९९३ पासून असलेली बंदी २००८ मध्ये उठवली. ब्रिटन उलट दिशेनं गेलं. १९९१ च्या कायद्यात चार जाती होत्या, त्यात आता एक्सएल बुली ही पाचवी जात घातली. म्हणजे ज्यांनी तीस-तीस वर्षं यात घालवली त्यांचंही एकमत नाही.

पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही, कारण तो बरोबरच आहे. आयांना विचारा हे मी लिहायला हवं होतं, तुम्ही लिहिलंत.

कसबा बावडा एक्सप्रेस

बंदीबद्दल थोडक्यात, कारण यावर फार अफवा आहेत. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं १२ मार्च २०२४ ला राज्यांना पत्र पाठवलं होतं. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो वगैरे २३ प्रकारांची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, आधीपासून पाळलेल्यांची नसबंदी करा, असं त्यात होतं. लोकांचं म्हणणं न ऐकता काढलं म्हणून एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द केलं. यादीही गमतीशीर होती. 'मास्टिफ', 'टेरियर' असे अख्खे गटच्या गट. त्या हिशोबानं ताराबाई पार्कातल्या बायकांच्या पर्समधून फिरणारा इवलासा यॉर्कशायर टेरियरसुद्धा खुंखार. डॉबरमन आणि अल्सेशियन मात्र यादीत नव्हतेच.

बंदी असो नसो, जबाबदारी आहेच. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१: पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुठलंही कुत्रं आणा, महापालिकेत नोंदणीचं विचारा आणि रेबीजच्या लसीचं कार्ड सांभाळा. आणि चावलंच, अगदी घरचं लस दिलेलं कुत्रं असलं तरी, हळद-तिखट भरत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि थेट सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात जा.

शाहूपुरीचा शिकारी (नावापुरता)

परदेशी कुत्र्यांचा एवढा खल कशाला? मुधोळ आणा. आपल्या शेजारच्या कर्नाटकातलं, बागलकोट जिल्ह्यातलं, लष्करानं घेतलेलं, खायला कमी, आजार कमी.

मंगळवारपेठकरीण

सगळ्यांचे आभार. काल मी आणि भाऊजी कागलला जाऊन आलो. जे बघितलं ते लिहिते.

पिल्लं गोड आहेत, खोटं कशाला बोलू. माझं मन अर्धं विरघळलंच होतं. पण आई शेडच्या मागं हातभर साखळीला. आम्ही दिसल्याबरोबर साखळी तुटेल अशी अंगावर आली. मित्र म्हणाला, "रागीट आहे म्हणूनच तर पिल्लांना मागणी आहे." वडील कुठला ते सांगेना. पिल्लं पाच आठवड्यांची आहेत आणि ह्याच आठवड्यात घेऊन जा म्हणतो, नाहीतर निपाणीचं गिऱ्हाईक तयार आहे. सगळी पिल्लं एका अंधाऱ्या खोलीत, माणूस जातो तो फक्त वाटी ठेवायला.

शिकवणीच्या आयांनाही विचारलं. दोघी हसल्या, एकीनं स्पष्ट सांगितलं की पाठवणार नाही. बाकीच्या गप्प बसल्या, आणि ते गप्प बसणं मला कळलं.

भाऊजी परत येताना गाडीवर एक शब्द बोलले नाहीत.

पाचगावची केनेलवाली

हे वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांनी बंदी आहे, आणि ती उगीच नाही. पिल्लू चावायचं किती हे भावंडांशी खेळताना आणि आईच्या दटावणीतून शिकतं. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात त्यानं माणसं, पोरं, काठी टेकत चालणारी म्हातारी, रिक्षाचा हॉर्न, कुकरची शिट्टी असं जे काही बघितलं-ऐकलं, ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. अंधाऱ्या खोलीत हे दिवस गेले तर पुढं प्रत्येक नवी गोष्ट शत्रू. वर आई रागीट. भित्रेपणा आणि रागीटपणा बऱ्याच अंशी आईकडून येतो, रक्तातून आणि सहवासातूनही. "रागीट आहे म्हणून मागणी आहे" म्हणणाऱ्याकडून मी लॅबचंसुद्धा पिल्लू घेणार नाही.

शिकारीदादा, मुधोळ मला फार आवडतं, पण ते सशामागं पळायला जन्मलेलं कुत्रं आहे. अंगचटीला आलेलं, चिमटे काढलेलं त्याला खपत नाही आणि रोज मोकळं पळायला लागतं. मंगळवार पेठेच्या बोळात कुठं पळवायचं? पहाटे गांधी मैदानावर सोडायचं आणि मग अर्ध्या पेठेनं त्याच्यामागं धावायचं?

तिथं जाऊन आलात हे चांगलं केलंत. न बघता नाही म्हटलं असतं तर घरात वर्षभर धुसफूस राहिली असती.

भाऊजी स्वतः

मित्रानं स्क्रीनशॉट पाठवला म्हणून कळलं की आपण प्रसिद्ध झालोय. वहिनी, निदान कागलचं लिहिताना "भाऊजी एक शब्द बोलले नाहीत" एवढं तरी गाळायचं होतं.

असो. पाच आठवड्यांचं आणि आईचं मला पटलं. मी पिल्लांच्या आईला बघून गप्प झालो, रागावून नाही. पण एक विचारतो. घरात नको, तर शेतावर ठेवू का? वडणग्याला आमची थोडी जमीन आहे, विहिरीवर खोली आहे. मी एक दिवसाआड जातो.

पाचगावची केनेलवाली

नाही. एक दिवसाआड माणूस दिसणारा, बाकी वेळ साखळीला असलेला रॉटवायलर म्हणजे काल तुम्ही बघितलेली आईच. तशीच ती तयार झाली असणार. पेपरात येणारं कुत्रं असंच घडतं. शिवाय काळं, जाड अंगाचं कुत्रं, एप्रिल-मेचं ऊन, आणि सावलीला पत्र्याची खोली. बसवूच नका.

तुम्हाला कुत्रं हवंय की रॉटवायलर हवाय, हे तुम्ही ठरवा. कुत्रं हवं असेल तर माझ्याकडं एक आहे. गावठी, मादी, तीन-एक वर्षांची, नसबंदी झालेली, लसी पूर्ण. मालक परदेशी गेले ते परत आलेच नाहीत. वजन सोळा किलो. माझ्याकडं कामाला येणाऱ्या बाईंची नातवंडं दिवसभर इथंच असतात, तिला पोरांची सवय आहे. पोरांचा कंटाळा आला की उठून दुसरीकडं जाऊन बसते, आणि माझ्या मते घरात पोरं असलेल्या कुत्र्यात हा सगळ्यात मोठा गुण. मोठं कुत्रं घ्यायचा फायदाच हा, स्वभाव समोर दिसतो, पिल्लासारखं नशिबावर नाही. ती पाहुण्यांवर भुंकते, तेवढं सांगून ठेवते.

तरी घरात नियम तेच: ती जेवताना आणि झोपलेली असताना मुलीनं जवळ जायचं नाही, मोठं माणूस नसताना दोघींना एकत्र सोडायचं नाही, शिकवणीच्या वेळी कुत्रं वरच्या खोलीत. गावठी आहे म्हणून यातलं काही माफ नाही.

शनिवारी चारनंतर या. पहिल्या खेपेला मुलीला आणू नका, आधी तुम्ही दोघं बघा.

फुलेवाडीचा पैलवान

ताई, पोरांना कान ओढू नका म्हणून दम दिला बरं का. थोरल्या वहिनीनं मलाच दम दिला, म्हणली हे मी दोन वर्सं सांगत हुते.

भाऊजी स्वतः

शनिवारी येतो. सोळा किलो म्हणजे पुढं बसवून गाडीवर आणता येईल का?

पाचगावची केनेलवाली

गाडीवर नाही. रिक्षा करून या. आणि शनिवारी लगेच न्यायची नाही, दोन-तीनदा येऊन तिला फिरवा, मग बघू. मिस्टर आणि सासूबाई दोघंही हो म्हणाले पाहिजेत.

मंगळवारपेठकरीण

सासूबाईंनी आत्ताच विचारलं, चपाती खाते का ती?

पाचगावची केनेलवाली

खाते. दूध-चपाती नको, पोट बिघडतं. अंडं चालेल.